सरकारचा नकोसा निर्णय मागे घ्यायला लावायचा तर नेमकं काय करावं लागतं

बडोद्यातल्या कारेलीबागेतून एका भाऊंनी विचारलंय की सरकारचा एक निर्णय आमच्या भागात कुणालाच पटलेला नाही, आम्ही ऑनलाइन सह्या गोळा केल्या, आमदारसाहेबांना आवेदनपत्र दिलं, पेपरात फोटोसुद्धा आला, पण नंतर काहीच हललं नाही, तर साध्या नागरिकांनी आता करायचं काय, की असले निर्णय फक्त मोठ्या संघटना आणि पार्ट्याच फिरवू शकतात?

साधी माणसंही फिरवू शकतात. आपल्याच गावात फिरवलेले आहेत. मी इथे वीज, पाणी, वेरा म्हणजे महापालिकेचा कर, या विषयांवर सोसायट्यांमधल्या आणि जुन्या शहरातल्या पोळांमधल्या (जुन्या गल्ल्यांमधल्या) लोकांबरोबर बरीच वर्षं काम करतेय, हरकती लिहून देणं, माहिती अधिकाराचे अर्ज भरून घेणं, सुनावणीला सोबत जाणं हेच माझं काम, आणि त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. लोक नाराज आहेत एवढ्यानं कुठलंही सरकार मागे येत नाही, नाराजीची त्यांना सवय असते. ज्याची सही आहे त्याला तो निर्णय रेटणं जड जायला लागलं आणि त्याच वेळी अब्रू राखून माघार घ्यायची एखादी वाट त्याला समोर दिसली, की मग ते मागे येतं. जड कसं करायचं हे सगळ्यांना सुचतं, मोर्चा, घोषणा, व्हॉट्सॲप ग्रुप. वाट कुठून काढून द्यायची याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात आणि बरीचशी आंदोलनं तिथेच अडकतात.

स्मार्ट मीटरचं उदाहरण घेते कारण ते बडोद्यात सगळ्यांना आठवत असेल. मे २०२४. लोकसभेचं मतदान ७ मेला होऊन गेलं होतं, म्हणजे मत देणार नाही अशी भीती दाखवायची वेळही निघून गेली होती. वीज कंपनीनं घराघरात प्रीपेड मीटर लावायला घेतले होते आणि लोकांच्या लक्षात आलं की रिचार्ज भराभर संपतोय. इकडे घरगुती बिल दोन महिन्यांनी यायची सवय, आणि आता मोबाइलवर रोज पैसे कमी होताना दिसायला लागले, त्यात बॅलन्स संपला की वीज जाणार ही धास्ती, तीही मे महिन्यातल्या उकाड्यात. कंपनीचं म्हणणं होतं की जुन्या मीटरची राहिलेली रक्कमही थोडी थोडी करून त्यातूनच कापली जातेय. असेल, पण हे मीटर लावायच्या आधी समजावून सांगायला हवं होतं. बायका सबडिव्हिजनच्या ऑफिसांवर गेल्या, जुना मीटर परत लावा म्हणून ठिय्या मांडला, एका भागातून दुसऱ्या भागात ते पसरलं आणि सरकारला काम थांबवावं लागलं. आधी सरकारी ऑफिसांमध्ये मीटर लावू, आणि लोकांच्या मनातली शंका जावी म्हणून नव्या मीटरच्या जोडीला चेक मीटर बसवू, असं जाहीर झालं.

आता यात शिकण्यासारखं काय आहे ते बघा. स्मार्ट मीटरच रद्द करा ही मागणी बडोद्यातल्या कुठल्याही साहेबाच्या हातातली नव्हती. ती केंद्राची २०२१ ची योजना, देशभरात २५ कोटी प्रीपेड मीटर लावायचं लक्ष्य, आणि वितरण कंपन्यांना दिल्लीहून मिळणारा पैसा त्याला बांधलेला. कंपनीच्या सगळ्यात मोठ्या साहेबालाही ती रद्द करता आली नसती. पण शेजारी दुसरा मीटर लावा आणि दोन्हींचं रीडिंग बघू, ही मागणी त्याच्या हातातली होती, तिला नाही म्हणायला तोंड नव्हतं आणि हो म्हणताना त्याला आपण चुकलो असंही म्हणावं लागत नव्हतं. शिवाय ती कायद्यात होतीच. वीज ग्राहकांच्या हक्कांचे जे केंद्राचे नियम आहेत त्यात फेब्रुवारी २०२४ मध्येच दुरुस्ती झाली होती की रीडिंग आपल्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकानं केली तर कंपनीनं ५ दिवसांत जादा मीटर लावायचा आणि कमीत कमी ३ महिने त्यावरून वापर पडताळायचा. म्हणजे लोक रस्त्यावर आले त्याच्या आधीपासून तो हक्क कागदावर होता. हा कागद हातात घेऊन गेलेल्या माणसाशी इंजिनिअर वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी समोर उभं राहून बघितलंय.

त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगते. एका सोसायटीतल्या काकूंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे त्या दुधाचा हिशोब लिहायच्या तिथेच, रोज सकाळी सातला मीटरचं रीडिंग आणि मोबाइलवरचा बॅलन्स लिहायला सुरुवात केली. दोन-तीन आठवड्यांनी आम्ही ते जुन्या बिलांशी ताडून पाहिलं तर युनिट जवळपास गेल्या उन्हाळ्याइतकेच होते, जास्तीचे पैसे जात होते ते जुन्या बाकीपोटी. त्यामुळे त्या सोसायटीची मागणीच बदलली. मीटर खोटा आहे असं ओरडण्याऐवजी त्यांनी लिहून दिलं की जुनी बाकी वेगळी दाखवा, तिचा हिशोब लेखी द्या आणि तोपर्यंत ती कापू नका. ही मागणी टिकली कारण तिच्यामागे कॅलेंडर होतं. मीटर दुप्पट पळतो असं म्हणत गेले असते तर पहिल्याच तपासणीत कंपनीनं त्यांना खोटं पाडलं असतं, आणि मग त्यांच्या खऱ्या तक्रारीलाही कुणी विचारलं नसतं.

तर भाऊ, पहिलं काम म्हणजे सही कुणाची आहे ते शोधा. केंद्राचा कायदा आहे, राज्याचा ठराव आहे, नुसतं परिपत्रक आहे की महापालिकेच्या सभेतला ठराव आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून. परिपत्रक एका खात्याचा सचिव एका कागदानं मागे घेऊ शकतो. राज्याच्या ठरावाला मंत्री लागतो. कायदा असेल तर विधानसभेत किंवा संसदेतच मागे घ्यावा लागतो. लोक वॉर्ड ऑफिसरवर चिडतात, तो बिचारा वरून आलेलं राबवत असतो, त्याच्याकडून फार तर एवढं मिळवायचं की ‘नागरिकांचा तीव्र विरोध आहे’ असा लेखी अहवाल त्यानं वर पाठवावा. आणि तो अहवाल खरंच महत्त्वाचा असतो, कारण गांधीनगरला बसलेल्या माणसाला खालून लिहून आलेलंच वाचायला मिळतं.

तो मूळ कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. गुजरातमध्ये फी २० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं किंवा अर्धवट दिलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला वेगळी फी नाही. अर्जात ‘हा निर्णय का घेतला’ असं विचारू नका, प्रश्नाला उत्तर द्यायला ते बांधलेले नाहीत म्हणून अर्ज परत करतात. कागद मागा: ठरावाची प्रत, त्या फाइलवरचे शेरे, खर्चाचा अंदाज, आलेल्या हरकती आणि त्यांचं काय केलं त्याची नोंद, आणि फाइल प्रत्यक्ष बघायची परवानगीही मागा, तो हक्क कायद्यात आहे. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये असंही आहे की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना त्यासंबंधीची सगळी माहिती सरकारनं स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि ज्यांना निर्णयाचा फटका बसतो त्यांना कारणं द्यायची. हे वाक्य आवेदनपत्रात घाला. फाइलवरच्या शेऱ्यांमध्ये बऱ्याच वेळा असं सापडतं की खात्यातल्याच कुणीतरी शंका घेतलेली होती, आणि मग तुम्ही सरकारच्याच माणसाचं म्हणणं सरकारपुढे ठेवू शकता, यापेक्षा बळकट मुद्दा दुसरा नाही.

आवेदनपत्राबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण तुमचं प्रकरण बहुतेक इथेच अडलेलं आहे. आपल्याकडे चाळीस माणसं मिळून साहेबांच्या किंवा आमदारांच्या केबिनमध्ये जातात, कागद हातात देतात, फोटो होतो, चहा होतो, सगळे खाली उतरतात. तो कागद ऑफिसच्या दृष्टीनं आलेलाच नसतो! महापालिकेत द्यायचा असेल तर खंडेराव मार्केटच्या इमारतीत टपाल घेतात तिथे द्या, कलेक्टर ऑफिस असो की वीज कंपनी, सगळीकडे अशी खिडकी असते. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि आवक नंबर. नुसत्या शिक्क्यावर भागत नाही, नंबर नसेल तर रजिस्टरमध्ये तो कागद सापडत नाही आणि सापडला नाही की विषय संपला. घाईच्या वेळी क्लार्क म्हणतो नंतर या, नंबर घेऊन जा. थांबायचं. नंबर पडेपर्यंत तिथेच थांबायचं, शांतपणे, भांडण न करता. एकदा नंबर पडला की त्या कागदावर काय कारवाई झाली हे माहिती अधिकारात विचारता येतं, राज्य सरकारच्या ‘स्वागत’ या तक्रारी घेणाऱ्या व्यवस्थेत तक्रार टाकताना तो नंबर लिहिता येतो, उद्या कोर्टात जायची वेळ आली तर आम्ही आधी तुमच्याकडे आलो होतो हे दाखवता येतं. सगळ्याचा पाया तो नंबर आहे.

आणि कागद एक पानाचा ठेवा. वर विषय आणि ठरावाचा क्रमांक-तारीख, मग तीन-चार ओळीत नुकसान काय ते, मग एक मागणी. एकच. खूप ठिकाणी बघते की वेरा वाढ मागे घ्या यापासून सुरू झालेला कागद रस्त्यावरचे खड्डे, भटकी कुत्री, कमी दाबाचं पाणी असं करत अकरा मागण्यांवर संपतो, आणि साहेब त्यातली सगळ्यात सोपी उचलून दोन खड्डे बुजवतात आणि उत्तर पाठवतात की आपल्या निवेदनावर कारवाई केलेली आहे.

मागणी छोटी ठेवायची म्हणजे मान खाली घालायची असं कुणाला वाटत असेल तर १९२८ चं बारडोली आठवा, आपल्यापासून फार लांब नाही. मुंबई सरकारनं शेतसारा २२ टक्के वाढवला होता. सरदार पटेलांनी लढा केवढा मोठा उभा केला, जमिनी जप्त झाल्या, जनावरं नेली, लोक हटले नाहीत. पण मागणी काय होती? निष्पक्ष चौकशी करा, आणि चौकशीत जे निघेल ते आम्ही भरू. शेवटी ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या सरकारच्याच दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. सरकार झुकलं कारण सारा भरणं बंद झालं होतं, आणि झुकू शकलं कारण चौकशी करा या मागणीत त्यांना वाट होती. महाराष्ट्रातलं अगदी अलीकडचं बघा, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करायचा शासन निर्णय, विरोध वाढत गेला, ५ जुलै २०२५ ला मुंबईत मोठा मोर्चा ठरला आणि त्याच्या आधीच २९ जूनला एप्रिलचा आणि जूनचा असे दोन्ही शासन निर्णय रद्द झाले, विषय नरेंद्र जाधवांच्या समितीकडे गेला. समितीकडे पाठवलं की लोक म्हणतात टाळाटाळ आहे. बरेचदा असतेही. पण सरकारला माघारीची तीच वाट असते, म्हणून समिती मागताना तिच्यासोबत मुदत मागा आणि तोपर्यंत अंमलबजावणी बंद अशी अट लेखी मागा.

आता वेळ. निर्णय झाल्यावर तो फिरवायला जेवढा जोर लागतो त्याच्या मानानं होण्याआधी अडवायला फारच कमी लागतो, आणि बऱ्याच निर्णयांना हरकतीची मुदत असते, आपल्याला ती कळतच नाही. मिळकत वेऱ्याचंच घ्या. जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला म्युनिसिपल कमिशनर ड्राफ्ट बजेट स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती फेरफार करते, मग ते सभेत जातं, आणि पुढच्या वर्षाचे वेऱ्याचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असं महापालिका कायद्यातच आहे. कमिशनरना मतं मागायची नसतात, स्थायी समितीतल्या प्रत्येकाला मागायची असतात. म्हणून दरवर्षी त्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या वॉर्डातल्या चारही कॉर्पोरेटरांकडे जा, कुठल्याही पार्टीचे असोत, आणि वाढ कमी झाली तर श्रेय त्यांना घेऊ द्या, बोर्ड लावायचे असतील तर लावू द्या. बिल हातात पडल्यावर ओरडून काही होत नाही. विजेच्या दराचं तसंच, वीज कायदा २००३ प्रमाणे वीज नियामक आयोगानं लोकांच्या हरकती-सूचना विचारात घेऊनच दर ठरवायचे असतात, जाहीर सुनावणी असते, तिथे उद्योगांचे वकील रांगेत बसलेले असतात आणि घरगुती ग्राहक बोटांवर मोजण्याइतके. जंत्रीचा, म्हणजे जमीन-मिळकतीच्या सरकारी दरांचा, नवा मसुदा नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा हरकतींची मुदत वाढवून मिळाली, कारण लोकांनी ती मागितली.

माणसं किती जमली याला महत्त्व आहे, पण कोण जमलं याला जास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर आल्या, पीएफमधला मालकाचा हिस्सा ५८ वर्षांचं होईपर्यंत काढता येणार नाही असा नियम आला होता म्हणून. त्यांना कुणी पुढारी नव्हता. दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारनं नियम मागे घेतला. ऑफिसात बसणाऱ्या पगारदारांनी त्याच नियमावर ऑनलाइन सह्या करून झाल्या होत्या, पण शिलाई मशीनवरून उठून आलेल्या बायकांना सरकार कामचुकार म्हणू शकत नव्हतं की विरोधकांनी पाठवलेल्या म्हणू शकत नव्हतं. आपल्याकडे २०२२ मध्ये शहरातल्या गुरांच्या कायद्याचं तेच झालं. विधानसभेत बहुमतानं पास झालेलं बिल, लायसन, टॅग, दंड, जेल, सगळं त्यात, पण गुरं पाळणारा मालधारी समाज एक झाला, राज्यपालांनी बिल परत पाठवलं आणि २१ सप्टेंबरला विधानसभेनं ते मागे घेतलं, त्याच दिवशी मालधाऱ्यांनी दूध विकायचं बंद ठेवलं होतं. डिसेंबरमध्ये निवडणूक होती हेही खरं. मला स्वतःला त्या निकालाचं पूर्ण समाधान नाही, रस्त्यावरच्या गुरांनी जखमी झालेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या बाजूनं तेव्हा कुणी संघटित नव्हतं, म्हणून त्यांचं म्हणणं त्या निर्णयात कुठेच आलं नाही. पण ज्यांना फटका बसणार होता ते एकाच मागणीवर ठाम राहिले तर काय होतं ते त्यातून दिसतं. म्हणून तुमच्या यादीत सोसायटीचे सेक्रेटरी आणि रिटायर्ड काका असतीलच, त्यात घरकामाच्या बाई, रिक्षावाले, कोपऱ्यावरचा किराणावाला, पार्लरवाल्या ताई, मराठी, गुजराती, सिंधी, मुसलमान, सगळे आणा. महाराष्ट्र मंडळात एक मीटिंग झाली की आपल्या लोकांना वाटतं गाव जागं झालं. फक्त आपणच जमलो तर आपला आवाज एका समाजाचा म्हणून बाजूला ठेवला जातो.

मोर्चा काढायचाच असेल तर पोलिसांची लेखी परवानगी घ्या. बडोद्यात पोलीस कमिशनर पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीरनामे काढतात, चारपेक्षा जास्त माणसं परवानगीशिवाय जमवायला बंदी असते, आणि परवानगी नसेल तर दुसऱ्या दिवशी बातमी तुमच्या मागणीची येत नाही, ताब्यात घेतल्याची येते. अर्ज चार-पाच दिवस आधी, मार्ग लिहून, जबाबदार माणसांची नावं-नंबर लिहून. एक बस फुटली की मागणी मेली असं समजा. सयाजी हॉस्पिटलचा रस्ता तर चुकूनही अडवू नका.

कोर्टाबद्दल खूप जण विचारतात. धोरण चांगलं की वाईट हे कोर्ट सहसा ठरवत नाही, ते बघतं की ठरवायचा अधिकार होता का आणि ठरवताना कायद्यात सांगितलेल्या पायऱ्या पाळल्या का. विश्वामित्रीच्या रिव्हरफ्रंटचं काम २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणाकडून थांबलं ते पर्यावरण मंजुरीच्या मुद्द्यावर, रिव्हरफ्रंट दिसायला बरा की वाईट यावर नव्हे. त्यामुळे वकिलाकडे जाताना राग घेऊन जाऊ नका, सुटलेली पायरी घेऊन जा, आणि कोर्टात गेलो म्हणून बाकीचं सगळं बंद करू नका. कृषी कायद्यांना सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२१ मध्येच स्थगिती दिली होती, शेतकरी तरी उठले नाहीत.

त्या आंदोलनातून घेण्यासारखी खरी गोष्ट शेवटची आहे. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी टीव्हीवर कायदे मागे घेतो म्हणून जाहीर केलं. कुणीही असतं तर त्याच संध्याकाळी पेढे वाटून घरी गेलं असतं. ते थांबले. २९ नोव्हेंबरला संसदेत कायदे रद्द झाले, मग बाकीच्या मागण्यांवर सरकारचं लेखी पत्र आलं आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते दिल्लीच्या सीमेवरून निघाले. आपल्याकडे मात्र ‘स्थगित’ आणि ‘रद्द’ यात फरक न केल्यामुळे लोक किती वेळा फसलेत बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये जंत्री एका रात्रीत दुप्पट झाली, बिल्डर लोकांनी विरोध केला, निर्णय पुढे ढकलला, आणि १५ एप्रिलपासून लागू झालाच. पार-तापी-नर्मदा या नद्या जोडायची योजना मे २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी रद्द म्हणून सांगितली, तरी २०२५ मध्ये डांग-वलसाडकडच्या आदिवासी लोकांना परत रस्त्यावर यावं लागलं. महाराष्ट्रातही हिंदी ‘अनिवार्य’ला एप्रिलमध्ये स्थगिती म्हणाले आणि जूनमध्ये ‘सर्वसाधारणपणे’ असा शब्द घालून ती परत आणली. आपले स्मार्ट मीटरही गेले नाहीत, पुढे पोस्टपेड म्हणून परत आले. पण बॅलन्स संपला की अंधार ही जी धास्ती होती ती गेली, आणि मी तरी याला मोठी कमाई मानते, कारण लोकांचा खरा त्रास तोच होता.

म्हणून सरकारनं मान्य केलं अशी बातमी आली की पहिली विनंती ही करायची की आदेशाची प्रत द्या. प्रत हातात आली की त्यात तीन ठिकाणं वाचा. एक, जुन्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहून तो ‘रद्द करण्यात येत आहे’ असं आहे की ‘पुढील आदेश होईपर्यंत स्थगित’ असं. दोन, मधल्या काळात घेतलेल्या पैशांचं काय, परत, पुढच्या बिलात वळते, की काहीच नाही. तीन, तो कुणापर्यंत पोचलाय, कारण सचिवालयातून निघालेला कागद वॉर्डापर्यंत यायला वेळ लागतो आणि तोवर खालची माणसं जुन्याच आदेशानं वसुली करत राहतात. त्याची झेरॉक्स प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ऑनलाइन सह्या फुकट गेल्या नाहीत, त्यातल्या जेवढ्या लोकांचा पत्ता आणि फोन आहे त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटा आणि कागदावर नाव-पत्ता-सही घ्या, पत्ता नसलेल्या सह्या ऑफिसात कुणी मोजत नाही. आमदारसाहेबांकडे परत जा पण यावेळी आवेदनपत्र देऊ नका, त्यांच्या लेटरहेडवर संबंधित मंत्र्यांना पत्र मागा आणि त्याची प्रत घ्या, अधिवेशन जवळ असेल तर हा प्रश्न विधानसभेत विचारणार का ते स्पष्ट विचारा. आणि प्रश्नात तुम्ही निर्णय कुठला ते लिहिलेलंच नाही, तो कोणत्या खात्याचा, ठराव की परिपत्रक, क्रमांक आणि तारीख काय एवढं शोधून मला कळवा, हरकतीची मुदत अजून उरलीय का ते बघून एक पानाचा मसुदा मी करून देते, टपाल खिडकीवर मात्र तुमच्याच सोसायटीतल्या दोघा-तिघांनी जायचं.